वॉर्डातली वीस मिनिटं: डिमेन्शिया असलेल्या रुग्णासोबत चित्र, गाणं आणि हातकाम

खुब्याचं हाड मोडून आलेल्या एक आजी दिवसभर चादरीची कड चिमटीत धरून ओढत होत्या. चादर सुटली की हात सलाईनच्या नळीकडे. दोनदा इंट्राकॅथ (शिरेत बसवलेली सलाईनची बारीक नळी) उपटून झाला होता, म्हणून दुसऱ्या हातावर बँडेजचा गोळा बांधून ठेवलेला. सिस्टर वैतागल्या होत्या, आणि इतक्या खाटांमागे दोघीच असल्यावर कुणीही वैतागेल. मी त्यांच्याकडूनच कापसाच्या गुंडाळीतला एक पट्टा मागून घेतला, आजींच्या मांडीवर ठेवला आणि शेजारी बसून वात वळायला लागले. मला ती येत नाही. आजींनी बराच वेळ पाहिलं आणि मग म्हणाल्या, "अगं, पीळ कुठंय तिला?" सिस्टरांनी बँडेज सोडून दिलं. त्या दुपारी आजींनी एकवीस वाती वळल्या. मोजल्याही त्यांनीच. नळीकडे हात गेला नाही.

मी शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्तीनंतर गेली सहा वर्षं पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या वॉर्डात आठवड्यातून दोन दुपारी जाते. खाली जे लिहिलंय ते तिथं शिकले, बरंचसं चुकून. डे-केअरमध्ये, वृद्धाश्रमात कलेचे तास घेणारे आता पुष्कळ आहेत. रुग्णालयाचं गणित मात्र वेगळं. तिथं माणूस चार-आठ दिवसांसाठी येतो, अंगात नळ्या असतात, थोड्या थोड्या वेळानं कुणीतरी येऊन टोचून जातं, दिवे रात्रभर चालू. घरी ज्यांना अंधारातही संडास सापडतो ती माणसं इथं दोन दिवसांत पार हरवतात. ज्यांचं माणूस ॲडमिट आहे अशा नातेवाइकांसाठी, स्वयंसेवकांसाठी, आणि खाटेपाशी पाच मिनिटं काढू शकणाऱ्या सिस्टर-मावशींसाठी हा लेख आहे.

हे चालतं कशामुळे

भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृती आणि समज हळूहळू ढासळत नेणारा आजार, असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे शंभरात सातांहून थोडे जास्त. रुग्णालयात ते 'डिमेन्शियाचे पेशंट' म्हणून येत नाहीत. न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग, मोडलेलं हाड, मोतीबिंदू अशा कारणानं येतात आणि विसरणं त्यांच्या मागोमाग येतं. केसपेपरवर त्याचा उल्लेख असेलच असं नाही.

स्मरणशक्ती ही एकच गोष्ट नव्हे. काल कोण भेटायला आलं होतं, ही आठवण अल्झायमरमध्ये, म्हणजे डिमेन्शियाच्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या प्रकारात, सगळ्यात आधी जाते. वेणी कशी घालायची, टाका कसा घालायचा, टाळ कसा धरायचा, हे हातांचं शिकणं मेंदूच्या दुसऱ्याच भागांत मुरलेलं असतं आणि खूप उशिरापर्यंत टिकतं. जुन्या गाण्यांचंही तसंच. मुलीचं नाव न आठवणारी बाई अख्खी आरती न अडखळता म्हणते ती यामुळे. तिचं मुलीवर प्रेम उरलं नाही, असा अर्थ कृपा करून काढू नका.

रुग्णालयात याचा आणखी एक उपयोग आहे. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या शॅरन इनोये यांनी ७० वर्षांवरच्या ८५२ रुग्णांवर केलेला अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला नेहमीची शुश्रूषा दिली. दुसऱ्या गटासाठी स्वयंसेवक नेमले. दिवसातून काही वेळा गप्पा आणि डोक्याला चालना देणारे उपक्रम, चष्मा आणि श्रवणयंत्र हाताशी, वेळेवर पाणी, थोडं चालणं, रात्रीची शांत झोप. रुग्णालयात वृद्धांना अचानक होणारा भ्रम, म्हणजे डिलिरियम, नेहमीच्या गटात १५ टक्के लोकांना झाला, दुसऱ्या गटात ९.९ टक्के लोकांना. याचं सगळं श्रेय उपक्रमांना देता येणार नाही, ते एकत्र बांधलेलं गाठोडं होतं. पण चित्र काढायला बसवलं की चष्मा शोधावा लागतो, पाठ टेकवून बसवावं लागतं, पाणी विचारलं जातं. गाठोड्यातलं निम्मं आपोआप होतं.

यानं आजार बरा होत नाही, गेलेली स्मृती परत येत नाही. कुणी तसं सांगून महागडा कोर्स विकत असेल तर पैसे वाचवा.

आधी सिस्टरांना विचारा

पिशवी घेऊन थेट खाटेकडे जाऊ नका. आधी नर्सिंग काउंटर.

पहिला प्रश्न: आजचा गोंधळ नेहमीचाच आहे की नवा? डिमेन्शिया महिन्या-वर्षांनी वाढतो. परवापर्यंत बरं बोलणारा माणूस कालपासून असंबद्ध बोलत असेल, किंवा एकदम गप्प होऊन झोपाळल्यासारखा पडून असेल, तर तो डिलिरियम असू शकतो. संसर्ग, सोडियम कमी होणं, लघवी तुंबणं, बद्धकोष्ठ, नवं औषध, यांपैकी काहीही कारण असतं. ते डॉक्टरांनी बघायचं. "वयच झालंय, चालायचंच" म्हणून सोडून देऊ नका. घरच्यांना हा फरक डॉक्टरांच्या आधी कळतो, फक्त तो मोठ्यानं सांगावा लागतो. सगळ्यात फसवा तो गप्प प्रकार. त्रास देत नाहीत म्हणून त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

मग बाकीचं. गिळायला त्रास आहे का? कोणत्या हाताला सलाईन आहे? उठून बसायची परवानगी आहे का, की सपाटच झोपवायचंय? ऑक्सिजन चालू आहे का? असेल तर उदबत्ती-निरांजन ही कल्पनासुद्धा मनातून काढा. संसर्गामुळे वेगळं ठेवलंय का? आणि वेदनाशामक शेवटचं कधी दिलं? दुखत असताना कुणी चित्र काढत नाही. डिमेन्शियात "दुखतंय" असं सांगता येतंच असं नाही. कपाळावरच्या आठ्या, आवळलेली मूठ, हात लावला की ओरडणं, हे त्याचं सांगणं. असं दिसलं तर त्या दिवशी कला राहू द्या, सिस्टरांना बोलवा.

माणूस कोण आहे

ब्रिटनमध्ये तिथल्या अल्झायमर सोसायटीचं 'धिस इज मी' नावाचं एक पत्रक आहे. रुग्णाच्या आवडीनिवडी, सवयी, हाक काय मारायची, कशानं घाबरतात, हे घरच्यांनी भरून द्यायचं आणि ते खाटेपाशी राहायचं. आपल्याकडे वहीचं एक पान पुरतं. मी नातेवाइकांना सहा-सात गोष्टी विचारते: घरात आणि गल्लीत काय म्हणून हाक मारतात, माहेर किंवा मूळ गाव कुठलं, मातृभाषा कोणती, आयुष्यभर हातानं काय काम केलं, डावरे की उजवे, देवाधर्माचं काय, आणि कोणता विषय काढायचा नाही.

हाकेचं महत्त्व मला एका बाईंनी शिकवलं. सगळा वॉर्ड त्यांना "आजी, आजी" म्हणत होता आणि त्या कुणाला उत्तर देत नव्हत्या. केसपेपरवर कुणीतरी 'प्रतिसाद नाही' असंही लिहिलेलं. त्यांच्या भाच्यानं सांगितलं, त्या मुख्याध्यापिका होत्या. मी जाऊन म्हटलं, "बाई, आत येऊ का?" मान वर झाली. "उशीर झाला," म्हणाल्या.

न काढायच्या विषयांतही जपून. पुण्यात जुन्या शहराचे फोटो नेले की लकडी पूल येतो, आणि पूल आला की १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर येतो. त्या पुरात कुणाचं काय गेलंय हे आपल्याला माहीत नसतं. मी ते फोटो आता नेत नाही. मुंबईच्या माणसाला १९६४ मध्ये बंद झालेल्या ट्रामचं चित्र दाखवलं तर मात्र सहसा चेहरा उजळतो.

आणि एक हिशेब. माणसाच्या आठवणी सारख्या दाट नसतात. साधारण दहा ते तीस या वयातल्या सगळ्यात दाट. आज ८२ वर्षांच्या माणसाची पंधरा ते पंचवीस ही वर्षं साधारण १९६० च्या दशकात येतात. विविध भारती १९५७ ला सुरू झाली, म्हणजे यांच्या तारुण्यात घराघरात, हॉटेलात, पानपट्टीवर ती वाजत होती. तिथं शोधायचं. नातवंडं हौसेनं आजोबांना १९८० ची गाणी ऐकवतात. ती आई-बाबांची गाणी असतात हो.

पिशवीत काय, काय नको

माझ्या पिशवीत असतं: जाड ऑइल पेस्टल खडू, ए-फोर आकाराचे काळे आणि पांढरे जाड कागद, पुठ्ठ्याची पाटी, जाड दांड्याचा एक सपाट ब्रश, झाकणाची पाण्याची बाटली, कापडाचे तुकडे (खण, इरकलीचा काठ, गोधडीचा कोपरा, मऊ जुनं सुती लुगडं), जाड लोकर, पंधरा-वीस मोठे फोटो, मायक्रोपोर टेप. ही टेप वॉर्डातही मिळते. कागद जेवणाच्या ट्रेला चारी कोपऱ्यांत चिकटवला की घसरत नाही, आणि काढताना चिकटाही राहत नाही. कापूस सिस्टरांकडचाच घ्या, तो स्वच्छ असतो.

पोस्टर कलर मी एकदाच नेले. हिरवे-लाल ब्रश बुडवून झालेला पाण्याचा पेला ट्रेवर ठेवला आणि कागद फिरवायला वळले. आजोबांनी पेला तोंडाला लावला. लालसर पाणी, स्टीलचा पेला, उन्हाळ्याची दुपार. कोकम सरबत नाही तर दुसरं काय वाटणार? रंग शाळेतले, निरुपद्रवी होते आणि त्यांना गिळायचा त्रास नव्हता, म्हणून निभावलं. डॉक्टरांची बोलणी खाल्ली ती योग्यच होती. तेव्हापासून रंगाचं पाणी बंद, आणि तोंडाला लागेल असं काहीही पेल्यात-वाटीत ठेवणं बंद.

याच कारणानं मणी, टिकल्या, बटणं, सुट्या बिया नकोत. मिठाची कणीकही नको, ती खाल्ली तर सोडियम वाढतं. पाटीवरची पेन्सिल नको. ती खायची सवय एका अख्ख्या पिढीला होती आणि हात तेही विसरलेले नसतात. रांगोळीची पूड उडते आणि छातीत जाते. सुई-कात्री फक्त आपल्या हातात. सॅनिटायझरची बाटलीसुद्धा वापरून झाली की खाटेपासून लांब.

एका रुग्णाला वापरलेली वस्तू पुसल्याशिवाय दुसऱ्याकडे नेऊ नका. खडू पुसता येतात. कापूस, कागद, लोकर ज्याची त्याला देऊन टाका. कापडाचे तुकडे रोज घरी धुवायचे. जुलाब होत असलेल्या रुग्णाकडून उठल्यावर हात साबण-पाण्यानंच धुवा.

वेळ, जागा, चष्मा

सकाळी राउंड, ड्रेसिंग, तपासण्या. संध्याकाळी पाचनंतर अनेकांची बेचैनी वाढते, शिवाय भेटीच्या वेळेची गर्दी. मला दुपारी तीन ते साडेचार बरी वाटते, चहाच्या आगेमागे. वीस मिनिटं पुष्कळ झाली. काहींना सातच.

आधी चष्मा लावा, तोही पुसून. उशाखाली, डब्यात, घरी विसरलेला, कुठेही असेल, तो मिळाल्याशिवाय पुढं जाऊ नका. श्रवणयंत्राची बॅटरी बघा. कवळी असेल तर लावायची का, ते सिस्टरांना विचारा. कवळीशिवाय गाता येत नाही आणि लाजही वाटते. टीव्ही बंद. पाठीला उशी, ट्रे कोपरांच्या उंचीला, उजेड मागून नको. म्हातारपणी डोळ्याचं भिंग पिवळट होतं, फिक्या रंगांत फरक कळत नाही. पांढऱ्या चादरीवर पांढरा ट्रे, त्यावर पांढरा कागद आणि हातात पिवळा खडू, म्हणजे आपण त्यांना काहीच दिलेलं नाही. काळा कागद आणि पांढरा खडू द्या.

पहिली दोन मिनिटं

समोरून या, बाजूनं किंवा डोक्यामागून नको. खाली बसा, डोळे त्यांच्या पातळीला. नाव सांगा, त्यांच्या ठरलेल्या हाकेनं बोला, थांबा. उत्तराला दहा-पंधरा सेकंद लागतात. आपण तेवढ्यात प्रश्न तीनदा बदलून विचारतो आणि प्रत्येक वेळी त्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

"मला ओळखलंत का?" हे वाक्य वॉर्डाच्या दाराबाहेर ठेवून या. भेटायला आलेले सगळे तेच विचारतात. माझं नाव सांग, आज वार कुठला, हा कोण आलाय. माणसाला दिवसातून दहा वेळा नापास करायचं आणि वर म्हणायचं की बोलत नाही. त्याऐवजी, "नमस्कार काका, मी अमुक, चित्रं काढायला आलेय. बसू का जरा?"

"आज आपण चित्र काढू या" असं आमंत्रणही फारसं चालत नाही. "मला कुठं येतंय चित्र" हे उत्तर तयारच असतं. मी बोलतच नाही. वस्तू त्यांच्यासमोर ठेवते आणि स्वतः करू लागते. मदत मागायची. "हे जरा धरता का?" "ही गाठ मला जमत नाही हो." ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचं केलं त्यांना उपचार करून घ्यायला संकोच वाटतो, मदत करायला नाही.

नको म्हणाले तर नको. "बरं, मी नंतर डोकावते" म्हणून उठायचं. अर्ध्या तासानं त्यांना ते आठवतही नसतं आणि मूड बदललेला असतो. वॉर्डात नको म्हणायची संधी फार कमी गोष्टींना मिळते, ती आपण तरी द्यावी.

वाती, लोकर, गाठी

कापसाचा दोन बोटं रुंद पट्टा फाडा, थोडा पिंजून मोकळा करा. घरी बायका बोटांना दूध किंवा भस्म लावतात, इथं पाण्याचा एक थेंब पुरे. लांब वात तळहातांमध्ये वळते, फुलवात बोटांच्या टोकांवर. ज्यांना येते त्यांना काही सांगावं लागत नाही, ज्यांना येत नाही त्यांना शिकवायला जाऊ नका. या वयात, या जागी, नवं शिकवणं म्हणजे नुसती दमणूक. आजोबांना लोकरीचा गुंडा करायला द्या, मी लोकर दोन हातांवर धरते आणि ते गुंडाळतात. दोघांनी धरल्याशिवाय होत नाही असं हे काम आहे, म्हणून मला फार आवडतं. एक सुतारकाका लाकडाचा गुळगुळीत ठोकळा नुसता हातात फिरवून रंध्यानंतरची धार तपासायचे. तेही हातकामच.

वाती सगळ्यांच्याच हातांत नसतात, हे मला उशिरा कळलं. गोव्याकडच्या एक वृद्ध बाई कापसाकडे बघतही नव्हत्या. जाड दोऱ्याचा गुंडा आणि क्रोशाची प्लास्टिकची जाड सुई दिली आणि साखळीचा टाका सुरू झाला, वीतभर, हातभर, थांबेचना. माणसाचं पान आधी भरून घेतलं असतं तर दोन दुपारी वाया गेल्या नसत्या.

सलाईनच्या हाताला ताण पडत नाही ना, बोटं सुजली नाहीत ना, याकडे अधूनमधून लक्ष असू द्या.

गाणं, आरती, आणि पाढे

मोबाइलवर गाणं लावण्यापेक्षा स्वतः गुणगुणा. बेसूर चालतं. मोबाइल माणसाच्या वेगानं जात नाही, तुम्ही जाऊ शकता. लय नेहमीपेक्षा सावकाश, पट्टी खाली. एक ओळ आपण म्हणायची, दुसरी अर्ध्यावर सोडून द्यायची आणि त्यांच्याकडे बघायचं. त्या मोकळ्या जागेत शब्द येतो. नाही आला तर ओठ हलतात, नाही तर पायाचा अंगठा. तेही गाणंच समजा.

भोंडल्याची गाणी, जात्यावरच्या ओव्या, अंगाई, अभंग, शाळेतली प्रार्थना. ज्यांचा धर्म वेगळा त्यांची प्रार्थना घरच्यांकडून मोबाइलवर रेकॉर्ड करून आणा, आपण अर्धवट म्हणून वाटोळं करू नये. शेजारच्या खाटेला त्रास होणार नाही इतपत आवाज. खरं तर शेजारची खाटच बऱ्याचदा कडव्यात सामील होते.

गाणं येत नाही म्हणणाऱ्यांसाठी पाढे. हसू नका. जुन्या पिढीनं पाढे चालीवर पाठ केलेत, पावकी, निमकी, दिडकीसकट. किराणा दुकान चालवलेल्या एका काकांनी मला औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, डोळे मिटून म्हणून दाखवला. त्यांना आपण कोणत्या शहरात आहोत हे ठाऊक नव्हतं.

गाण्यानं रडू आलं तर घाबरून गाणं तोडू नका. हात धरा, कडवं पूर्ण करा, मग गप्प बसा. रडणं वाढतच गेलं, चेहऱ्यावर भीती दिसली, तर थांबा आणि कापडाचा तुकडा हातात द्या.

पाणी-पाटी आणि ठिपके

माझ्या पिशवीतली सगळ्यात यशस्वी वस्तू पाटी आणि ओला ब्रश. काळ्या पाटीवर साध्या पाण्यानं रेघ ओढली की ती गडद चमकते आणि काही मिनिटांत वाळून जाते. चूक राहत नाही, डाग पडत नाही, तोंडात गेलं तरी पाणी. या पिढीनं पहिलं अक्षर पाटीवरच गिरवलंय, त्यामुळे ती हातात येताच बऱ्याच जणांचा हात आपसूक 'श्री' काढतो. पाणी बाटलीच्या झाकणात घ्या, चमचाभर. गिळायला त्रास असलेल्यांना तेवढंही नको, ब्रश आपण भिजवून द्यायचा.

रांगोळीसाठी काळ्या कागदावर पाच बाय पाच ठिपके आधीच काढून न्या. ठिपके मोजून मांडणं अवघड असतं, जोडणं सोपं. पहिल्या दोन रेघा आपण ओढून खडू पुढं करायचा. हात थरथरत असेल तर त्यांचा हात वरून धरून फिरवू नका. आपला तळवा त्यांच्या हाताखाली ठेवा, म्हणजे रेघ तेच ओढतात आणि आपण फक्त आधार.

मला इथं सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते स्वतःशी. तीस वर्षं मी मुलांच्या चित्रांवर शेरे मारले, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवलं, प्रमाण चुकलं की खोडून काढायला लावलं. इथं निळं झाड बघून बोटं शिवशिवतात. "छान छान" हेही मी सोडलं, कारण ऐंशी वर्षांच्या माणसाला लहान मुलासारखं कौतुक कळतं आणि झोंबतं. जे दिसतं ते म्हणायचं: "ही रेघ इथून पार तिकडे गेली की." मग ते सांगतात कुठं गेली ते.

लहान मुलांची रंगवायची पुस्तकं, ससे-बदकं असलेली, आणू नका.

फोटोतली गोष्ट

अमेरिकेतल्या मिलवॉकीत ॲन बास्टिंग यांनी १९९० च्या दशकात एका वृद्धाश्रमात एक युक्ती काढली. आठवणी विचारून कुणी बोलेना, तेव्हा मासिकातलं एक चित्र पुढं करून त्या म्हणाल्या, गोष्ट रचू या. यातूनच पुढं 'टाइमस्लिप्स' ही पद्धत उभी राहिली. आठवायचं काही नाही, त्यामुळे चुकायचंही काही नाही.

करायचं असं. एक मोठा, स्वच्छ फोटो. त्यात एक-दोनच माणसं आणि काहीतरी चाललेलं, पण आपल्या ओळखीतलं कुणी नाही. विचारा: "हिचं नाव काय ठेवू या? ही कुठं निघालीय? पिशवीत काय असेल?" जे उत्तर येईल ते जसंच्या तसं लिहून घ्या, व्याकरण न सुधारता. दर तीन-चार वाक्यांनी मोठ्यानं वाचून दाखवा. एसटीच्या फोटोवर एका काकांनी दिलेली गोष्ट माझ्या वहीत आहे: "हा कंडक्टर आमचा जावई. सुटे नाहीत म्हणतो. गाडी सासवडला जाते पण हा जात नाही." मी वाचून दाखवल्यावर त्यांनी विचारलं, "कुणी लिहिलंय? चांगलं लिहिलंय."

डोळे मिटून पडून असलेल्यांना, बोलणं संपलेल्यांना, कापडाचे तुकडे द्या. एका वेळी एकच, तळहाताला लावून. काठाची जर बोटं शोधतात. वासावर मात्र फार भिस्त ठेवू नका, अल्झायमरमध्ये वास घेण्याची शक्ती लवकर कमी होते. चाफ्याचं फूल नाकाशी नेऊन आपण भावुक होतो, त्यांना काही कळलेलं नसतं.

बिघडलं तर

"मला घरी जायचंय, यांना जेवायला वाढायचंय." हे यजमान पंधरा वर्षांपूर्वी गेलेले. ते गेले असं सांगाल तर ती बातमी त्यांच्यासाठी आत्ताची असते. येतीलच इतक्यात, असं सांगाल तर दाराकडे डोळे लावून बसतात. मी विचारते, "काय काय आवडतं त्यांना जेवणात?" आणि भाजीच्या फोडणीपर्यंत गप्पा जातात. काही दिवशी हेही चालत नाही. मग सोबत बसायचं.

चिडले, हात झटकला, खडू फेकला, तर दोन पावलं मागं. समजावून सांगत बसू नका, शब्दांचा भार वाढतो. लघवी लागलीय का, तहान, थंडी, दुखणं, नळी कुठं अडकलीय का, हे क्रमानं बघा. बहुतेक वेळा यातलंच एक निघतं. एकाच वेळी चार नातेवाईक खाटेभोवती सूचना देत असतील तर तिघांना चहाला पाठवा. नम्रपणे, पण पाठवाच.

फोटो-व्हिडिओ काढायचा मोह आवरा. आजी गाताहेत म्हणून व्हॉट्सॲप स्टेटसला टाकणारी नात प्रेमानंच टाकते. पण अंगात रुग्णालयाचा झगा, केस विस्कटलेले, अशा अवस्थेत त्या बाईंनी एरवी फोटो काढू दिला असता का, हा प्रश्न आधी विचारावा.

उठताना

एकदम "चला, झालं" म्हणून सामान गोळा केलं तर हातातलं हिसकावून घेतल्यासारखं होतं. दोन मिनिटं आधी सांगा, एखादी शेवटची रेघ किंवा शेवटचं कडवं ठेवा, आणि काहीतरी त्यांच्या हातात राहू द्या. आभार माना, कारण मदत त्यांनी केलेली असते.

चित्र मायक्रोपोरनं खाटेशेजारी लावा, सिस्टरांची परवानगी घेऊन. माझ्या डोळ्यांदेखत ठिपक्यांच्या सहा रांगोळ्या एका सकाळी कचऱ्यात गेल्यात. बेड रिकामा करायची घाई होती. आता मी कागदावर मागं मोठ्या अक्षरात 'ठेवा' लिहिते, तरी दोनातला एक जातोच.

त्यानंतर काउंटरवर जाऊन एक-दोन ओळी सांगायच्या किंवा लिहून द्यायच्या. कलेविषयी नाही, सिस्टरांच्या कामाचं काय ते. "हातात कापूस असला की नळी ओढत नाहीत." "बाई म्हटलं की गोळी घेतात." "डाव्या बाजूनं बोललं तर ऐकू येतं." "खांदा उचलताना चेहरा वाकडा होतो, बघा जरा." पुढच्या पाळीच्या सिस्टरला याचा खरोखर उपयोग होतो, आणि पुढच्या वेळी तुम्हाला खुर्चीही मिळते.

डिस्चार्ज ठरला की घरच्या एका माणसाला शेजारी बसवून हे सगळं एकदा करून दाखवा, आणि एक छोटी पिशवी भरून द्या: पाटी, ब्रश, कापूस, दोन कापडं, माणसाचं ते पान. पिशवीवर नाव आणि खाटेचा नंबर ठळक लिहा, आणि ती चादरींवर ठेवू नका. धुलाईच्या गाठोड्यात गेलेली वस्तू परत आलेली मी अजून पाहिलेली नाही.